शांतता आहे असं दिसतं

जूनच्या इड्सला चार दिवस

तक्रार लिहून ठेवतो, कारण ऐकून घ्यायला दुसरं कोणी नाही. मागच्या खोलीच्या दाराची बिजागरी! हिवाळ्यापासून रोज पहाटे कण्हते. बारीक, लांबलेला, हट्टी सूर. आजवर तीनदा तेल घालून झालं. तुस्काचं म्हणणं असं, की बिजागरी मुकी आहे आणि एवढ्या तेलात तिने महिनाभर कोबी परतला असता. तुस्का या घरात तीस वर्षं स्वयंपाक करते आहे, त्यामुळे तिला माझ्या कानांवर शंका घेण्याचा अधिकार आहे. तरीही प्रस्तुत बिजागरीचा मी येथे विधिवत् निषेध नोंदवतो.

बाकी विशेष काही नाही. आज मी राजा झालो.

पाच दिवसांचा, महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे इड्सपर्यंत. वर्षभर राज्य चालवणाऱ्या दोन कॉन्सलांपैकी एक तापाने गेला, दुसऱ्याच्या निवडीच्या वेळचे शकुन चुकले होते असं आता निघालं, म्हणून तोही उतरला. खुर्ची रिकामी. अशा वेळी आम्ही कुलीन घराण्यांतले म्हातारे जमतो आणि आपल्यातल्याच एकाला मधला राजा करतो. खऱ्या राजांना हाकलून साठ-पासष्ट वर्षं झाली, पण हा शब्द काही कोणाला हाकलता आला नाही. पहिल्या मधल्या राजाने काहीही करायचं नसतं. निवडणूकसुद्धा घ्यायची नाही. पाचव्या दिवशी पहाटे शकुन पाहायचा, दुसऱ्या मधल्या राजाचं नाव उच्चारायचं आणि उठायचं. निवडणूक तो दुसरा घेतो. अशा कामाला निरुपद्रवी माणूस लागतो. सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे वळून पाहिलं, तर मागे भिंत होती.

हस्तिदंती खुर्चीला पाठ नाही. राजापुढे छड्या घेऊन चालणारे बारा दंडधारी मात्र आहेत. त्यांनी तुस्काची अख्ख्या आठवड्याची पेज एका बैठकीत संपवली, आणि ओसरीवर एवढा गलका चालू आहे की मला स्वतःचं लिहिणं सुचत नाही.

बरं वाटतंय.

इड्सला तीन दिवस

औलस आला. माझा चुलतभाऊ, फोस्लियस कुळाचा कर्ता, आणि मी सहा वर्षांचा असल्यापासून माझ्या वतीने विचार करणारा माणूस. न बसताच बोलला. नाव ठरलं आहे — कैसो वेतुरियस. कैसो निवडणुकीला बसला, की सामान्य लोकांतल्या एकाही उमेदवाराचं नाव स्वीकारणार नाही. गेल्या चार वर्षांपासून कायद्याने त्यांना उभं राहता येतं, ते येऊ दे. पण उभा राहिलेला माणूस दिसायला हवा की नको, हे निवडणूक घेणाऱ्याच्या डोळ्यांवर असतं!

या वेळी त्यांच्यातला एकच जण उभा आहे. तितस सिलियस. माझा जावई.

औलसने ते नाव घेतलं नाही. तेवढं सौजन्य त्याच्यात आहे. "पाच दिवस खुर्चीवर बस, एक नाव घे आणि गप घरी जा," एवढंच म्हणाला.

"मी घरीच आहे, औलस," मी म्हटलं.

हा विनोद नव्हता, पण तो हसला.

कुलीन आणि सामान्य यांच्यातल्या लग्नाची बंदी उठली त्याच्या पुढच्याच वर्षी फोस्लिया माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझी एकुलती एक मुलगी. तिची आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी म्हणालो, कायदाच झालाय, मी कोण नाही म्हणणारा. याला परवानगी म्हणतात. आशीर्वाद म्हणत नाहीत, हा फरक तिला त्याच क्षणी कळला. तिला मीच शिकवलंय. लग्नाला आमच्या कुळातलं कोणी गेलं नाही. मीही नाही. मी कुळातच मोडतो.

ती सामान्य लोकांच्या अव्हेंटाइन टेकडीवर राहते. इथून पायी अर्धा तास. तीन वर्षांत मी त्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा कांदे आणायला. कांदे आमच्या गल्लीतही मिळतात.

इड्सला दोन दिवस

कोणी आलं नाही. दंडधारी फासे खेळले. पहाटे बिजागरी.

इड्सचा आदला दिवस

मूर्खपणा केला. मेणाच्या पाटीची हीच सोय, नंतर पुसता येतं.

सकाळी वाटलं, उद्यानंतर आपण पुन्हा कोणीच नाही. जायचं तर आजच. तिला मुलगा झालाय, दोन वर्षांचा असेल, मी पाहिलेला नाही. फक्त तो पाहायचा होता. पण मधला राजा एकटा चालू शकत नाही. पुढे बारा माणसं, खांद्यांवर छड्यांच्या मोळ्या, सर्वांत पुढे म्हातारा ओपिटर. आम्ही टेकडी चढायला लागलो तसा बाजार गप्प होत गेला. माणसं उठून उभी राहिली. मासे विकणाऱ्या बाईने सुरी खाली ठेवली. मी आजोबा म्हणून निघालो होतो. तिथे पोचेपर्यंत माझा खटला झाला होता.

ओपिटरने रिवाजाप्रमाणे छडीने दार ठोठावलं. ते दार तसं ठोठावण्यासाठी केलेलं नव्हतं.

फोस्लियाने उघडलं. बारीक झाली आहे. कोपरापर्यंत पीठ लागलेलं. तिने माझ्याकडे नाही, छड्यांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही आलात, की हे आलेत?"

मी म्हटलं, यांना मागे ठेवता येत नाही.

"मग बाहेरच बोला. तुमचे जावई नाव मागे घेणार नाहीत. मागे घ्या असंच सांगायला आलात ना?"

नाही म्हणायचं होतं. पण गल्ली ऐकत होती, बारा जण ऐकत होते, त्यांतले निदान दोघे औलसचे. मधल्या राजाने उमेदवाराच्या दारात काही म्हणणं बरं नव्हे. मी कंठ साफ केला. तीन वर्षांनी मुलगी समोर उभी आणि मी कंठ साफ केला!

तेवढ्यात तिच्या पायाशी कुणीतरी घुटमळलं. ती वळून म्हणाली, "मानियस, आत चल."

माझं एक पाऊल उचललं गेलं होतं. मग लक्षात आलं — त्याचं नाव माझं आहे. तिने ठेवलंय. मला कोणी सांगितलं नव्हतं.

दार लागलं. परत येताना ओपिटर म्हणाला, "पोरगं दांडगं आहे, राजे." मी ओरडून विचारलं, रडका आहे का? ओरडावं लागतं, तो जवळपास बहिरा आहे. तो म्हणाला, ते मला काय कळणार.

उद्याची तयारी केली. अंगणात तंबू उभा केला. शकुन पाहताना काही वाजलं, उंदीर जरी खुडबुडला, तरी सगळं फुकट जातं. म्हणून मागच्या खोलीचं दारच उतरवून भिंतीला टेकवून ठेवायला लावलं. आता बघू कोण कण्हतं ते.

नाव काय घ्यायचं, ते ठरलेलंच आहे.

इड्स

झालं.

फटफटायला मी तंबूत बसलो. मागे औलस, कैसो, आणखी पाच-सहा घराण्यांतले कर्ते. ओपिटर शेजारी. शांतता आहे का, हे मी त्याला विचारायचं आणि त्याने उत्तर द्यायचं, असा विधी. वीस वर्षं हे काम त्याच्याकडे आहे. तो बहिरा व्हायला लागल्यापासून रोममध्ये एकही पहाट बिघडलेली नाही, ही गोष्ट आम्हा सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी काढत नाही.

मी विचारलं, "शांतता आहे का?"

"शांतता आहे असं दिसतं," ओपिटर म्हणाला. इकडेतिकडे न पाहता.

मी तोंड उघडलं. मग म्हणालो, शांतता नाही. मूल रडताना ऐकू येतंय.

 मग औलस जवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "या घरात मूल कुठलं, मानियस?"

 शकुन पाहणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, हा नियम आमच्याच पणजोबांनी केलाय. मी म्हटलं, मी ऐकलं. तो म्हणाला, टेकडीवरचं इथे ऐकू येतं तुला, कान आहेत की काय आहेत! मग सगळे निघून गेले. कैसोने जाताना माझ्या उंबऱ्याला पाय लागू दिला नाही.

नाव उच्चारलं गेलं नाही. सूर्य मावळल्यावर माझे पाच दिवस संपले. दंडधारी आपल्या छड्या घेऊन गेले. ओपिटरने जाताना माझा हात दाबला. कशाबद्दल, कोण जाणे.

याहून जास्त आज लिहवत नाही.

इड्सचा दुसरा दिवस

दुसऱ्या मधल्या राजासाठी म्हाताऱ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी स्पुरियस क्लोएलियसची निघाली. ऐंशीचा आहे, सारखा पेंगतो, आणि कायद्यात लिहिलंय ते करण्याची त्याला जुनी खोड आहे. तो सगळी नावं घेणार. लोक सिलियसला मत देतील, न देतील. नाव तरी पुकारलं जाईल.

दुपारी सिलियस स्वतः आला. एकटा. मोठा, लाजाळू माणूस, हातांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. पानात गुंडाळलेलं मधाचं पोळं पुढे केलं. म्हणाला, टेकडीवर सगळे म्हणतायत, फोस्लियस घराण्यात माणूस निघाला. मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "ती म्हणते, बाबांना सांगा, जन्मात पहिल्यांदा खोटं बोललात आणि चांगलं बोललात. परवा जेवायला या. एकटे या."

मी बरं म्हटलं. तो गेल्यावर बराच वेळ पोळं हातात धरून बसलो. तुस्का म्हणाली, धनी, मध गळतोय.

इड्सनंतर दोन दिवस

मी खोटं बोललो नव्हतो.

मी कैसोचंच नाव घेणार होतो. ते ओठांवर होतं. तेवढ्यात रडणं ऐकू आलं, मागच्या खोलीतून, स्पष्ट, आणि मी घाबरून थांबलो. शौर्य वगैरे काही नव्हतं. ती फोस्लियाची खोली आहे.

दार अजून भिंतीला टेकलेलं आहे. आज पहाटे पुन्हा ऐकू आलं, हिवाळ्यापासूनचा तोच लांबलेला सूर. तुस्का शेजारीच चूल पेटवत होती. मी तिला विचारलं. ती म्हणाली, काही नाही धनी, सगळं शांत आहे.

उद्या टेकडीवर जायचंय. हे फोस्लियाला सांगू की नको, ठरत नाही. मला भीती वाटते.