हवं तेवढं पाणी

३ एप्रिल २०१६

नवं घर चांगलं आहे. मुकुंदवाडी स्टेशनच्या पलीकडं, तिसरा मजला, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. मागच्या सालापर्यंत इथं ज्वारी होती म्हणतात. आता जिकडं तिकडं सळया आणि विटा. सासूबाई, गोजरबाई, सामान लावायला आल्या होत्या. न्हाणीघर बघून म्हणाल्या, कृष्णाराव, एवढ्या जागेत माझा सगळा संसार झाला. पण नळाला नुसती हवाच येती की, अंघोळ काय हवेनं करायची? खूप दिवसांनी हसलो. पाण्याला टँकर आहे. दोन ड्रम भरून घेतले. घर द्वारकानंच पसंत केलं होतं. तिला राहायला मिळालं नाही.

५ एप्रिल

वाळूजच्या कंपनीतून उशिरा आलो. एकट्याचा स्वयंपाक अजून जमत नाही, भात उरतो.

द्वारका फेब्रुवारीत गेली. मूत्रपिंडं निकामी झाली होती, डायलिसिस चालू होतं. त्यातच दुसरा आजार निघाला. डॉक्टर म्हणाले, शरीराचे राखणदारच उलटलेत, नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाहीत. सकाळी ती ठणठणीत असायची. भाकरी थापायची, भावाला फोनवर दटावायची. दिवस कलला की पापण्या मिटायच्या, आवाज नाकात जायचा, पाण्याचा घोट नाकातून परत यायचा. एकाचं औषध दुसऱ्याला सोसायचं नाही. पाणी मोजूनच द्यायचं. शेवटी ती दुसरं काही मागतच नव्हती.

दहाव्याला कावळा शिवेना. नदी कोरडी, विधीचं पाणीसुद्धा कॅनमधून नेलेलं. तिचा भाऊ सखाराम म्हणाला, आईला मी सांभाळीन. कावळा लिंबावरून हलला नाही. सासूबाईंनी काय काय कबूल केलं, तरी नाही. मग मी हात जोडले. म्हणालो, द्वारका, नव्या घरी ये, हवं तेवढं पाणी देईन. कावळा लगेच उतरला. सखारामचा चेहरा मात्र पडला. दाजी, तिथं माणसाला सोडायचं असतंय, बोलवायचं नसतंय, एवढंच तो म्हणाला.

१० एप्रिल

ड्रम लवकर संपतात. प्लंबर बघून गेला, गळती कुठंच नाही.

जिन्यात खालच्या मजल्यावरची सोनिया भेटली. भाऊ, वहिनी एकदा दाखवा की, म्हणाली. सकाळी तुम्ही कामावर गेलात की भांडी घासताना लई खणखणीत बोलतात, आमचं लेकरू त्यांच्याच आवाजानं उठतंय. संध्याकाळी मात्र नाकात बोलतात, सर्दी झाली का?

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१३ एप्रिल

आज कामावर गेलो नाही. ओट्यावर ऊन आलं आणि तिचा आवाज आला. लग्नातला आवाज, आजाराआधीचा. मला नावानं हाक मारली, पाणी मागितलं. मी पेला भरून ठेवला. मान वळवली तेवढ्यात रिकामा.

पुन्हा भरला. भरतच राहिलो. भीती वाटायला हवी होती. बरं वाटलं.

१६ एप्रिल

चपला पायात जात नाहीत. घोट्यावर बोट दाबलं की खड्डा राहतो. तोंड सुजलंय. लघवी जवळजवळ बंद. मी दिवसभरात घोटभरच पितो — पिते ती.

कंपनीच्या डॉक्टरांनी ताबडतोब भरती व्हा म्हणून सांगितलं. उद्या बघू म्हणालो. सकाळी ती येईल ना.

१८ एप्रिल

संध्याकाळी डावी पापणी मिटते. बोटानं उचलून लिहितोय. घास चावताना जबडा थकला.

सासूबाई येऊन गेल्या. मला बघून भिंतीला टेकल्या. मग स्वयंपाकघराकडं तोंड करून लेकीला शिव्या दिल्या — सटवे, जितेपणी ह्यानं तुझं सगळं आजारपण काढलं, आता ह्याला नेतीस व्हय? आणि रडल्या. मला म्हणाल्या, शब्द तुमचा आहे, तुम्हीच मोडा. पुरे झालं, आता जा म्हणा. तुमच्याच तोंडून पाहिजे, माझं नाय ऐकायची ती.

२० एप्रिल

सकाळी जीभ चालते, तेव्हा म्हणवत नाही — तिचा आवाज इतका —

संध्याकाळी म्हणावंसं वाटतं. तेव्हा जीभ वळत नाही. नुसतं नाकातून —

दम लागतो. आडवं होता येत नाही. पाणी छातीपर्यंत आलंय.

२१ एप्रिल

सकाळ. आज सकाळीसुद्धा जीभ नाही. सखारामला फोन लावला. हॅलो, हॅलो, दाजी, तुम्हीच का — माझं बोलणं त्याला कळलंच नाही. निघालो म्हणाला बहुतेक.

बोलता येत नाही तर लिहून दाखवतो. तिला वाचता येतं.

लिहिलं. मोठ्या अक्षरात. पुरे. जा.

वही ओट्यावर उघडी ठेवली, तिथंच टेकून लिहितोय.

पेला खाली ठेवल्याचा आवाज. वाचत असावी. आता दाराकडं — पाय ओढत नाही, सरळ चालते आहे — श्वास जरा — हो, श्वास येतोय —

कडी काढली तिनं. घर एकदम —

द्वारका, थांब. जाऊ न