थोरल्या पिल्लाचा घास

३ मार्च
ताई नाही म्हणाली. तेही दारातच, चपला न काढता — "मी मूत्रपिंड देणार नाही. माझी मुलं लहान आहेत. माझ्याकडे आशेनं बघू नकोस."
मधुमेहामुळे आईचं मूत्रपिंड चालत नाही. राहिली होती ती ताईच. सख्खी बहीण, रक्तगटही एकच! दिवसाआड मशीनवर रक्त धुऊन आणायचं, मधला दिवस त्याच थकव्यात काढायचा. आता हेच.

५ मार्च
समोरच्या बंद थिएटरच्या फुटक्या झरोक्यात घुबडाची पिल्लं आहेत. तिन्हीसांजेला पलंगावरून दिसतात. एक चांगलं थोराड, एक मधलं, एक कापसाच्या बोळ्याएवढं. आईबाप उंदीर आणतात, थोरलं पुढे घुसून गिळतं. धाकटं मागे फुसफुसत राहतं.
आई म्हणते, "खिडकी लाव, अपशकुन असतो." आता आणखी काय व्हायचं राहिलंय?

६ मार्च
मशीन. उलट्या. लिहवत नाही.

९ मार्च
लहानपणी सायीवरून आमची झोंबाझोंबी व्हायची. ताई भांडं डोक्यावर धरायची, माझा हात पुरायचा नाही. आजही तेच.
धाकटं पिल्लू कालपासून दिसत नाही. थोरल्यानं खाल्लं असणार — खातात म्हणे.

१२ मार्च
धाकटं आहे! आणि आज भलतंच पाहिलं. थोरल्याला उंदीर मिळाला, पण त्यानं गिळला नाही. चोचीत धरून मागे वळलं, धाकट्याच्या तोंडाशी नेला. धाकट्यानं ओढून घेतला. मधलं नुसतं बघत बसलं.
उशीत तोंड खुपसून रडले. पाखराला कळतं, आणि माझ्या बहिणीला —
तिचा फोन आला, उचलला नाही. आईला म्हटलं, "तिला सांग, माझ्या मयतालासुद्धा येऊ नकोस." रागाच्या भरात ताटातलं सगळं संपवलं. कित्येक दिवसांनी.

१५ मार्च
भावोजी एकटेच आले, ताईला न सांगता. बोलायच्या आधीच त्यांचे डोळे भरले.
देता येईल का ते बघायला ताई गुपचूप तपासणी करून आली होती — मला नाही म्हणायच्या आधीच. त्यात कळलं, तिला जन्मापासून मूत्रपिंडच एक आहे.
"मग खोटं का बोलली?"
"म्हणाली, खरं कळलं तर धाकटी हातपाय गाळेल. माझ्यावर चिडली, तर निदान उठून जेवेल तरी."