पेटीत न पडलेला अर्ज

३ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे ते कळव, आणि नुसतं ‘बरा आहे’ लिहून माझी बोळवण करू नकोस.

पत्रास कारण आपली चिऊ. तुमच्या विद्यापीठाची प्रवेशयादी चोवीस तारखेला लागणार. चिऊने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टपालात टाकला, पण त्याची पोच अजून नाही. मी गाडीवरून घरी आलो की आधी पत्रपेटी उघडतो, मग बूट काढतो. डेपोत सगळ्यांना सांगून बसलोय. आमचा कंडक्टर तर प्रवाशांना सांगतो की सांभाळून बसा, ड्रायव्हरच्या मुलीचा निकाल यायचाय. पोर मात्र धड जेवत नाही. पोस्टमनची चाहूल लागली की न्हाणीघरात जाऊन कडी लावते. तिची आई असती तर तिने पोटातलं काढून घेतलं असतं. मला ते जमत नाही.

तू त्याच कचेरीत बसतेस. यादी फोड म्हणत नाही, फक्त डोळ्यांखालून घाल.

लोभ आहेच, या कामापुरता थोडा जास्त असू दे.

तुझा,
भाऊ

८ जून

चि. भाऊस,

अ. उ. आ. गुडघा बरा नाही, जिन्याच्या दर पायरीला वाजतो. झालं समाधान?

यादी मी पाहणार नाही. एकवीस वर्षं या खुर्चीत काढली ती कुणाची यादी न फोडता. पण राहवेना, म्हणून आलेल्या अर्जांची आवक नोंदवही उघडली. एप्रिलची सगळी पानं दोनदा पाहिली. चिऊचं नाव नाही.

वही आमचे नाना लिहितात. ऑक्टोबरात निवृत्त होतील, आजवर त्यांच्या हातून एक पाकीट हरवलेलं नाही. मी विचारल्यावर त्यांनी फळ्यांवरचे सगळे गठ्ठे उतरवले आणि तीन दिवस धूळ खात शोधलं. काही नाही. चिऊकडे टपालाची पावती असेल तर लगेच पाठव. आणि तिला घाबरवू नकोस. तुझा आवाज मोठा आहे, हे तुला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

माया कमी करू नये, आवाज करावा.

तुझी,
ताई

१२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पावती नाही. चिऊ म्हणते, साध्या टपालाने टाकला. म्हणजे अर्ज तुमच्या कचेरीपर्यंत आला आणि तिथे गडप झाला. मी काल कुलसचिवांकडे तक्रार पाठवली. स्पष्ट लिहिलं की आवक पाहणाऱ्या माणसाला दिसत नसेल तर त्याला घरी बसवा.

पाठवण्याआधी चिऊला वाचून दाखवली तर पोर पांढरीफटक पडली. माझी बाही धरून रडली, की पाठवू नका. मी तिला म्हटलं, बाप बसलाय ना इथे, तू कशाला भितेस?

खरं सांगू? भ्यालोय मी. आज लाल सिग्नल दिसलाच नाही, कंडक्टर ओरडला म्हणून ब्रेक लागला. मागे पन्नास माणसं बसलेली.

रागावलीस तरी चालेल, पण भावाला अंतर देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

१६ जून

चि. चिऊस,

अ. उ. आ. हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर पाठवते आहे, ते मुद्दामच.

नानांना नोटीस मिळाली. बावीसला चौकशी आहे. दोष लागला तर ऑक्टोबरची वाटही पाहणार नाहीत, लगेच घरी पाठवतील. काल त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. मला म्हणाले की बाई, कदाचित माझ्याच हातून हरवला असेल, आताशा नीट आठवत नाही. एवढा चोख माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागलाय.

मी तुला काही विचारत नाही. लहानपणी कप फुटला की तू आधी माझ्याकडे यायचीस, एवढीच आठवण करून देते.

काही झालं तरी तुझीच,
आत्या

१८ जून

ती. आत्यास,

शि. सा. न. अर्ज मी टाकलाच नाही.

औषधाच्या दुकानासमोरच्या टपालपेटीशी तीन दिवस गेले. एकदा तर पाकीट अर्धं आत सरकवलं होतं. मागून कुणीतरी घाई करायला लागलं, आणि मी ते ओढून परत आणलं. डेपोतल्या काका लोकांनी तर मला आतापासूनच प्राध्यापकबाई म्हणायला सुरुवात केली होती. मला वाटलं, नाव लागलं नाही तर बाबा त्यांना तोंड कसं दाखवतील? अर्जच गेला नाही तर नकार तरी कुठून येणार? मुदत संपली त्या दिवशी मी छान झोपले. दुसऱ्या सकाळी बाबांनी विचारलं की टाकलास ना, आणि मी हो म्हणाले. तेव्हापासून नीट झोप नाही. पाकीट कपाटात कपड्यांखाली आहे. रोज हाताला लागतं.

तूच बाबांना सांग, असं लिहायला बसले होते. पण नानांचा तो बंद केलेला डबा डोळ्यांसमोरून हलत नाही. मीच सांगते. उद्या बाबांना सुट्टी आहे. ते हात उगारणार नाहीत हे मला माहीत आहे, पण काय करतील हे माहीत नाही.

मला टाकू नकोस.

तुझी,
चिऊ

२० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र टपालात टाकत नाही, सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देतोय. तो थेट तुझ्या हातात देईल. सोबत तीन कागद आहेत: माझी तक्रार मागे घेतल्याचं पत्र, चिऊचा न गेलेला अर्ज आणि तिने नानांची मागितलेली माफी. बावीसच्या आत पोचव.

काल मी दाढी करत होतो. ती दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. मी वळलो, तर ती भिंतीला चिकटली. ताई, मी फक्त वळलो होतो गं! हातात ब्रशच होता. संध्याकाळी मी भात लावला, तो करपला, तोच दोघांनी खाल्ला.

इतके दिवस वाटत होतं की पोरगी विद्यापीठाला भ्याली. ती मला भ्याली होती. पन्नास माणसं माझ्या भरवशावर डोळे मिटून झोपतात आणि माझी एक पोर घरात जागी राहते.

नानांच्या पाया पडायला मी स्वतः येईन. तू दार उघड, एवढं मागणं.

तुझा,
भाऊ

२८ जून

ती. आत्यास,

शि. सा. न. नाना निर्दोष सुटले हे तुझ्या पत्रावरून कळलं आणि मी अंथरुणावर बसून खूप रडले. माझं पत्र त्यांनी वाचून खिशात ठेवलं आणि वही लिहायला बसले, असं तू लिहितेस. त्यांना राग आला असेल. तो त्यांचा हक्कच आहे.

यादी लागली. मैत्रिणीचं नाव आहे. मी तिच्या घरी गेले, हसले, आणि परत येताना त्या पेटीवरून न जाता लांबून आले.

डेपोत बाबांनी स्वतःच सांगितलं की अर्ज गेला नव्हता, चूक घरातली आहे. कंडक्टरकाकांनी म्हणे त्यांना चहा आणून दिला.

काल बाबांनी विचारलं, पुढच्या वर्षी अर्ज भरणार का? हो म्हणणं सोपं होतं. मी म्हणाले, माहीत नाही. ते बरं म्हणाले, किल्ली घेतली आणि गाडीवर गेले. मी दारातच उभी होते. जिना उतरताना ते कितीतरी दिवसांनी शीळ वाजवत होते, अगदी बेसूर.

तुझ्या मायेची,
चिऊ