नळीतला डाग

रविवार संध्याकाळ.

बाबांची नेमबाजीची रायफल घेऊन आज आम्ही दोघं बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. वर्षभर बाबांच्या गोळ्या कागदावर विखरून पडतात. "हात हलून राह्यला माझा," म्हणतात. लायसन परत करायचा अर्जही लिहून ठेवलाय.

मिस्त्रीनं नळीत बॅटरी मारली. तोंडापासून बोटभर आत तपकिरी डाग. म्हणाला, "लॅपिंग करता येते. शिशाच्या गोळ्याले बारीक पावडर लावून आतून घासायचं. नळी गुळगुळीत होते, मळ कमी धरते. पण घासलेलं लोखंड वापस येत नाही, ताई. गंज खोल आहे, अशानं गोळी भरकटू शकते. तो जाईस्तोवर घासलं तर नळी ढिली होईल."

बाबा म्हणाले, "राहू दे. दोष नळीचा नाहीच."

  तो डाग माझा आहे. गेल्या दसऱ्याला बाबा दवाखान्यात होते, शस्त्रपूजा मी केली. देवाला घालतात तसं रायफलीवर तांब्याभर पाणी घातलं, वरून पुसलं आणि कपाटात ठेवली. बाबांनी फोनवर पहिलं हेच विचारलं होतं, "आत पाणी नाही ना गेलं?" मी नाही म्हणाले.

आज डाग घासून निघाला असता तर मी कधी बोलले असते का? खरं तर तेच हवं होतं मला.

घरी आल्यावर सांगून टाकलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही हात समोर सरळ धरले आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिले.

हात हलत नव्हते.