त्याचा आवाज खाली जातो

आई,

मांजरी गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये सामान लावताना काकांनी अमेरिकेहून आणलेला तो खेळ सापडला. काळा, परातीएवढा, चार बाजूंना चौघांसाठी बटणं आणि मधल्या जाळीतून बोलणारा तो माणूस. तो इंग्रजीत प्रश्न विचारायचा, चार उत्तरं वाचून दाखवायचा आणि कुणी चुकलं की हसायचा. तुला तो पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. ‘फार गोड बोलतो. काहीतरी विकायला आल्यासारखा,’ तू म्हणाली होतीस.

त्या वर्षी आपल्या घरातही इंग्रजी फार बोललं जायचं. तुझ्या पोटातल्या गाठीचं काय निघालं ते बाबांना, काकांना आणि मला माहीत होतं. तुला ‘साधी गाठ आहे’ एवढंच सांगितलं होतं. तू ओट्याशी पोळ्या लाटायचीस आणि आम्ही तुझ्या पाठीमागे, टेबलाशी, इंग्रजीत बोलायचो. डॉक्टर काय म्हणाले, किती महिने, पुढे कसं. मॅट्रिकला तू इंग्रजीत नापास झाली होतीस, हे तूच हसत सांगायचीस. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला आठवत नाही.

रविवारची दुपार. चौथा भिडू हवा म्हणून काका तुला हाक मारतात. ‘वहिनी, नुसतं बटण दाबायचंय हो.’

‘मग दिव्याचं दाबते की. निदान उजेड तरी पडेल.’

तरी तू हात पुसत येऊन बसतेस. तुझी दोन उत्तरं बरोबर येतात. बाबा म्हणतात, ‘अगं, नशीब जोरावर आहे आज तुझं.’ मग तो माणूस विचारतो, ‘बिनाइन’च्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणता? आमच्या तिघांचेही हात हलत नाहीत. ‘मॅलिग्नंट’: गाठ साधी नाही, कॅन्सरची आहे, असं सांगणारा तो शब्द आमच्या तोंडी रोज होता. तो चारही शब्द वाचतो. तू तिसरं बटण दाबतेस. तो ‘करेक्ट’ म्हणतो आणि आतून टाळ्या वाजतात.

काकांनी खटका बंद केला. ‘सेल गेलेत वाटतं.’

‘आत्ता तर टाळ्या वाजवत होता,’ तू म्हणालीस.

‘तुला कसं कळलं?’ बाबांनी विचारलं.

‘आवाजावरून. खरं उत्तर वाचताना त्याचा आवाज जरा खाली जातो.’ तू उठलीस. ‘अहो, तुमचा जातो तसाच. चहा टाकू?’

त्यानंतर आम्ही बोलायला गॅलरीत जाऊ लागलो. तू दिवाळीच्या आधी गेलीस. ‘तिचा कान तिखट होता,’ बाबा पुढे कितीतरी वर्षं म्हणत राहिले, आणि कुणी विचारलेलं नसतानाही म्हणत. मला तेव्हाच ते खटकायला हवं होतं.

काल नवे सेल घातले. डोळे मिटून ऐकत बसले. तो खरं आणि खोटं एकाच गोडीने वाचतो. आवाज कुठेही खाली जात नाही. कदाचित माझाच कान तुझ्यासारखा नसेल. नाहीतर तुला प्रत्येक शब्द कळत होता, आमच्याकडे पाठ करून तू सगळं ऐकत होतीस, आणि एकही पोळी वाकडी झाली नाही.

हे पत्र मी आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. सवयीने.