पहाटे वर येणारे मासे

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडवत नाही, तेव्हा आपला हा टपालाचा मार्गच बरा.

गेल्या वर्षी दुकान बंद करून हे घर घेतलं तेव्हा मागचं तळं कसं होतं ते तू पाहिलंच आहेस. पाण्यात वेलींची जाळी, एक अख्खं झाड आडवं पडून अर्धं बुडालेलं, काठावर झुडपांचं रान. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं उघडून त्यातली धूळ काढली. माझ्याच्यानं ते बघवेना. चार महिने राबलो. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून झाड ओढून काढलं, काठ तासून सारखा केला, पाण्यावर वाकलेली फांदी न् फांदी छाटली, पाण्यातलं गवत निपटून काढलं. आता घड्याळाच्या काचेसारखं लखलखतंय. सौ. म्हणते, तळ्याला इस्त्री करायची तेवढी राहिलीय.

पण ताई, दृष्ट लागली. मंगळवारी सकाळी अकरा मासे मरून तरंगत होते, गुरुवारी सव्वीस. त्यातले कितीतरी हातभर लांब. पलीकडे चढावर एक बाई सूत रंगवते. हाताखाली दोघी जणी, मोठमोठ्या टाक्या, दिवसभर वाफ. तिचं रंगाचं पाणी ज्या नाल्यातून जातं तो माझ्या कुंपणाला लागून वाहतो. आणखी पुरावा कशाला हवा? मी प्रदूषण नियंत्रण कार्यालयात रीतसर तक्रार केली. कार्यालयाची माणसं आली, बाटल्या भरून पाणी नेलं आणि अहवाल येईपर्यंत तिच्या टाक्यांना सील ठोकून गेली. अहवालाला सहा आठवडे लागतात म्हणे. रंगारीणबाई चकार शब्द बोलली नाही. बोलणार काय, चोराच्या मनात चांदणं! मधल्या फाटकाला तर मी मंगळवारीच कुलूप घातलंय.

गुडघ्याला जप. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
भाऊ

ता. १० जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मासे गेले हे वाचून वाईट वाटलं. गुडघा आहे तसाच आहे. जिना चढताना माझ्याआधी तोच कुरकुरतो.

मला काही गोष्टी नीट कळव. मासे दिवसभरात केव्हा मरतात? मरायच्या आधी वर येऊन तोंडं उघडझाप करतात का? दुपारी कसे असतात? आधी मोठे मेले की लहान? त्या दिवसांत ऊन होतं की आभाळ आलेलं? पाण्याला वास येतो का, आणि कसला? नाल्याचं पाणी तळ्यात शिरताना तू स्वतः डोळ्यांनी पाहिलंस का, तेही लिही. वकिलासारखं लिहू नकोस. घड्याळ दुरुस्तीला आलं की वहीत काय बिघाड म्हणून लिहायचास ना, तसं लिही.

आणि तोवर कुणाला काही बोलू नकोस. लहानपणी माझी पेन्सिल हरवली की तू आधी शेजारच्या मुलीचं दप्तर उलटं करायचास आणि मग स्वतःचा खिसा बघायचास. तुझी ती सवय मी विसरलेले नाही.

सौ.ला आशीर्वाद. उत्तर लगेच टाक, नाहीतर रागावेन.

तुझी,
ताई

ता. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलंस म्हणून लिहितो. मरतात ते पहाटे. उजाडताना वर येऊन तोंडं उघडमीट करतात, नऊ-साडेनऊला ऊन वर आलं की वाचलेले पुन्हा खाली जातात. आधी मोठे गेले. आतापर्यंत चार वेळा मेले, चारही वेळा आभाळ भरलेलं होतं. वास येतो, घाणेरडा. नाल्याचं पाणी आत येताना पाहिलं नाही, पण पाझरत असणारच.

आता मोठी आहेस म्हणून ऐकून घेतो, पण एक सांगू? तू मत्स्यालयात तीस वर्षं होतीस हे खरं, पण तिकीट-खिडकीवर होतीस. तिकिटं फाडून कुणी माशांचा डॉक्टर होत नाही. आज आणखी नऊ गेले. लिहायला मन लागत नाही. राग मानू नकोस.

तुझा,
भाऊ

ता. १८ जून

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी यांना न सांगता लिहितेय. बाजारात जायच्या निमित्तानं पेटीत टाकीन.

यांची दशा बघवत नाही. उजाडायच्या आत काठावर जाऊन उभे राहतात. मासे वर आले की बादलीनं पाणी उपसून पुन्हा पाण्यातच ओततात, हात दुखेपर्यंत. जेवताना घास हातातच राहतो. परवा मेलेला एक मोठा मासा जाळीत धरून किती वेळ बसून होते. मी हाक मारली, तर ऐकू आलं नाही म्हणाले. आलं असावं.

यांनी तुम्हाला सगळं कळवलेलं नाही. पाण्यातलं गवत यांनी हातानं काढलं ते थोडंच. बाकीच्यावर दुकानातून औषध आणून फवारलं. तेही अर्ध्या तळ्यावर एकदा आणि आठ दिवसांनी सगळ्या तळ्यावर. आठवड्यात सारं गवत पिवळं पडून तळाशी बसलं. तेव्हापासून पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मी म्हटलं होतं, एवढं मेलेलं पोटात घेऊन पाणी नांदेल कसं? तर म्हणाले, तळ गाळाचाच असतो.

आणखी एक. रंगारीणबाईंकडच्या दोघी घरी बसल्यात. सील लागलं त्या दिवशी टाकीत भिजत घातलेलं सूत तिथंच सडलं. त्या बाई रोज दारात उभ्या राहून बंद टाक्यांकडे बघतात. त्या दोघींपैकी एक मला वाटेत भेटली. मी मान खाली घातली.

यांना मनातून कळलंय असं मला वाटतं. पण माझ्या तोंडून ऐकलं तर ते आणखी ताठ होतील. तुमचं ऐकतील. तुम्हीच लिहा. माझ्यावर लोभ आहे तो यापुढेही राहावा.

तुमची,
भावजय

ता. २३ जून

चि. भाऊस,
अ. उ. आ.

मी तिकिटंच फाडली, कबूल. पण माझी खिडकी मोठ्या टाकीच्या समोर होती, आणि टाक्या सांभाळणारे काका दुपारी डबा माझ्याकडे बसून खायचे. एकदा हवेचा पंप बंद पडला. सकाळी दार उघडलं तर सगळे मासे वर, तोंडं उघडी. आधी मोठे गेले, कारण मोठ्या देहाला हवा जास्त लागते. काकांनी तेव्हा सांगितलं होतं, माशांना विष झालं तर लहानमोठं, रात्र-दिवस काही राहत नाही. पण पहाटे वर येऊन उन्हात सावरत असतील, तर पाण्यात हवा कमी आहे. विषाला घड्याळ कळत नाही, भाऊ. तुला तरी कळायला हवं होतं.

पाण्यातलं हिरवं दिवसा हवा सोडतं. तू ते सगळं एकदम मारलंस. औषधानं मारलंस, हेही मला ठाऊक आहे. कुणी कळवलं ते विचारू नकोस. आता ते तळाशी कुजतंय आणि कुजताना उरलीसुरली हवा ओढून घेतंय. आभाळाच्या दिवशी भरपाईला काहीच नाही. तू तळं निर्मळ केलंस, पण माशांचं घर मोडलंस. झाडाच्या बुंध्याखाली, गवतात, काठाच्या सावलीत ते राहत होते, लपत होते, अंडी घालत होते.

आता हे कर. औषधाचा डबा उचलून दूर ठेव. माशांना खायला घालणं थांबव. पंप मिळव आणि पहाटे पाणी उंचावरून पाण्यात पाड. कुजलेलं जमेल तेवढं काढ. जे गवत परत येईल त्यातलं एक तृतीयांश राहू दे. तळात फांद्यांचे भारे दगड बांधून बुडव. काठावर झुडपं येऊ दे.

पण त्याच्याही आधी त्या बाईकडे जा. अहवालाची वाट बघू नकोस. कागदानं तुला खोटं पाडल्यावर जाशील, तर ते जाणं नव्हे. पंप बंद पडला तेव्हा आम्ही सगळ्यांनी झाडूवाल्यावर ठपका ठेवला होता, साबणाचं पाणी टाकीत गेलं म्हणून. खरं कळेपर्यंत तो काम सोडून गेला होता. कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या ‘आम्ही सगळ्यां’त मीही होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तू तापट आहेस, पण खोटा नाहीस. माझे आशीर्वाद पाठीशी आहेत. जाऊन ये आणि कळव.

तुझी,
ताई

ता. ५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि खुंटीवरचा सदरा अंगात घातला. थांबलो असतो तर गेलो नसतो.

आधी कार्यालयात गेलो. तक्रार करायचा छापील कागद त्यांच्याकडे आहे, मागे घ्यायचा नाही! कारकून म्हणाला, इतक्या वर्षांत असं कुणी मागितलंच नव्हतं. शेवटी कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहिलं की चूक माझी आहे, औषध मी फवारलं. कारकुनानं ते मोठ्यानं वाचलं, मला ऐकू यावं म्हणून. अख्ख्या कचेरीला ऐकू गेलं. साहेब म्हणाले, बाटल्यांची तपासणी व्हायची ती होईल, पण टाक्या बंद ठेवायचं आता कारण नाही. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन सील काढून गेला.

मग रंगारीणबाईंच्या दारात गेलो. सगळं एका दमात बोललो. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, माफीचं नंतर बघू, आधी हे सडलेलं सूत उपसायला लागा. दोन दिवस मी त्या दोघींच्या हाताखाली होतो. दुर्गंधीनं डोकं भणभणलं. टाक्या घासल्या, नवं सूत पिळलं. हात कोपरापर्यंत निळे झाले. सौ. हसून हसून खाली बसली. ताई, त्या टाक्यांचं पाणी आधी एका खड्ड्यात जातं, निवळतं आणि मग नाल्यात. नालाही तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. तिथून वर पाझरायला पाण्याला पाय फुटायला हवेत. एकदा चढ चालून गेलो असतो तर दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या आपणहून बोलल्या. मासे पहाटे वर येतात हे त्यांना कुंपणातून दिसत होतं. सांगायला दोनदा आल्या होत्या, पण फाटकाला कुलूप. तिसऱ्यांदा येईपर्यंत सील घेऊन माणसं आली. हे ऐकून मला कसं झालं ते लिहीत नाही. कुलूप काढून टाकलंय.

त्यांचा जादा पंप त्यांनी दिला. रोज पहाटे पाणी उंचावरून कोसळतं, सौ. म्हणते, घरबसल्या धबधबा मिळाला. सूत वाळवायच्या जुन्या लाकडी चौकटी त्यांच्या मागच्या अंगणात पडून होत्या. त्या एकावर एक रचून, दगड बांधून खोल पाण्यात सोडल्या. ट्रॅक्टरवाल्याला बोलावून ते जुनं झाडही परत पाण्यात ढकलायला लावलं. त्यानं मला विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे ना? बरी आहे म्हटलं. खूप दिवसांनी बरी आहे.

पंप लागल्यापासून तीनच मासे गेले. घरात मला न विचारता पत्रं कोण लिहितं ते मी ओळखलंय, दोघींनाही नमस्कार.

तुझा,
भाऊ

ता. ११ जुलै

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र जिन्यातच उभ्यानं वाचलं. शेजारीण विचारू लागली, काय झालं, रडता कशाला? म्हटलं, भावाचे हात निळे झालेत. तिला काही कळलं नाही. आज कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

आता गवत परत येईल. हात शिवशिवले तर खिशात घाल. घरातली घड्याळं पूस, तळं पुसू नकोस.

रंगारीणबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी तुला सूत पिळायला लावलं हे मला फार आवडलं. आशीर्वाद आहेतच, वेगळे काय लिहू?

तुझी,
ताई

ता. २० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व कुशल. अहवाल येऊन गेला. रंगाचा मागमूस नाही, असं त्यात लिहिलंय. रंगारीणबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि सौ.ला विचारलं की त्या दोघींमधली एक रजेवर जातेय, तर तुमचे यजमान आठवडाभर मोकळे आहेत का. सौ.नं मला न विचारताच हो सांगितलं.

तळं आता तुला ओळखू येणार नाही. म्हणजे पहिल्यांदा पाहिलंस तसंच दिसतंय. काठावर गवत गुडघ्याइतकं आलंय. एका कोपऱ्यात वेल पसरलीय, तिथं मी विळा नेत नाही. एकदा नेला होता, सौ.नं परत आणवला.

काल आभाळ गच्च भरलं होतं. रात्रीपासून वारा नाही. अशाच दिवशी सव्वीस गेले होते, म्हणून उजाडायच्या आत गेलो. पंप मुद्दाम लावला नाही. एकदा कळायलाच हवं होतं. कुंपणाजवळ रंगारीणबाई आधीच येऊन उभ्या होत्या, त्यांनाही आभाळ बघून झोप लागली नव्हती. हळूहळू उजाडलं. मी काठाकाठानं पूर्ण फेरी मारली. झाडाच्या फांद्यांमध्ये वाकून बघितलं, वेलीच्या कडेनं बघितलं. पाणी नुसतं पडून होतं. हवेसाठी वर आलेलं एक तोंड नाही, एक बुडबुडा नाही, मरून तरंगणारा एक मासा नाही. मी तिथंच ओल्या गवतात बसलो आणि मला हुंदका आला. बाईंनी लांबून हातानं विचारलं, काय? मी दोन्ही हात पसरून दाखवले, काही नाही.

ताई, काही म्हणजे काही दिसलं नाही.

येत्या महिन्यात ये. तुझा लोभ आम्हा दोघांवर असाच राहू दे.

तुझा,
भाऊ