मुलींच्या खिडक्या

अंबरनाथ, १० जून २०२४

ती. वेणूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासं झालं, म्हणून हे पत्र. बदलापूरबाहेरच्या विद्यापीठाच्या आवारात दोन नवी वसतिगृहं होतायत, एक मुलांचं, एक मुलींचं. डिझाइन आमच्या ऑफिसकडे आहे आणि ते मी करतेय. माझी मामेबहीण श्रद्धा तिथेच शिकते. मुरबाडहून रोज एसटीने येते, त्यामुळे माझ्यापेक्षा तिलाच जास्त घाई.

पण आज मीटिंगमध्ये डोकं फिरलं. मुलांच्या खोल्यांना गॅलरी, आणि मुलींच्या खिडक्या जमिनीपासून सहा फुटांवर! विद्यापीठाच्या बांधकाम समितीचे अध्यक्ष म्हणाले, मुली खिडकीत दिसल्या की बाहेर टोळकी जमतात. आमचे हितेशसर मान डोलवत होते. नंतर मला म्हणाले, क्लायंट सांगेल तसं काढ, टेन्शन घेऊ नकोस. काढतेय, पण हात चालत नाही. तू इतकी वर्षं मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होतीस. हे असंच असतं का गं?

उत्तराची वाट पाहणारी,
शलाका


बदलापूर गाव, १५ जून २०२४

चि. शलाकास,
अ. आ.

पत्र वाचून अंगाची आग झाली. उल्हासनगरला आमच्याकडेही हेच केलं होतं. खिडक्या विटांनी बुजवल्या आणि छताजवळ झरोके ठेवले. एका संध्याकाळी कुठल्याशा कारखान्यातून गॅस सुटला. डोळे झोंबायला लागले, पण झरोके बंद करायला कुणाचा हात पोचेना. पोरी पेट्यांवर पेट्या रचून चढल्या. काशी नावाची मुलगी वरून पडली, ती जन्माची लंगडी झाली. मी संस्थेशी भांडले, तर मला सांगण्यात आलं की बाई, तुम्ही हजेरी घ्या, इमारतीत लक्ष घालू नका. टोळक्यांना मात्र कुणी एक शब्द बोललं नाही.

तू विचारतेस, असंच असतं का. असतं, कारण कुणीतरी तसं काढून देतं. इथे ते तू काढून देतेयस. कडू लागेल, लागू दे.

वेळेवर जेवत जा.
तुझी, संतापलेली
वेणूआत्या


अंबरनाथ, २ जुलै २०२४

ती. वेणूआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी तुझाच राग आला. मग बसले आणि दोन्ही वसतिगृहांना सारख्या खिडक्या काढल्या, सारख्या गॅलऱ्या काढल्या. सर भडकले. मी म्हटलं, समितीसमोर मीच बोलते.

बैठकीत काशीची हकिकत सांगितली. अध्यक्ष म्हणाले, ते जुन्या काळातलं झालं. श्रद्धा मैत्रिणींना घेऊन आली होती. ती उठून म्हणाली,

"सर, आम्हाला झाकायला भिंत बांधताय. बाहेर उभे राहतात त्यांच्यासाठी काय करताय?"

 समितीतल्या एका प्राध्यापिकाबाईंनी हा प्रश्न इतिवृत्तात घ्यायला सांगितला. लेखी जाणार म्हटल्यावर अध्यक्ष नरमले. खिडक्या खाली आल्या. गॅलऱ्या मात्र खर्चाच्या नावाखाली गेल्या, त्याही फक्त मुलींच्या. आणि मला त्या कामावरून काढून आनंदनगरच्या कारखान्यांच्या शेडचे नकाशे काढायला बसवलंय. आत्या, जिंकले म्हणू की हरले?

तुझी माया हवीच आहे,
शलाका


बदलापूर गाव, १० डिसेंबर २०२५

चि. शलाकास,
अ. आ.

काल श्रद्धाची नवी खोली पाहून आले. खिडकीशी पलंग ओढून बसली होती, केस वाळवत. समोर डोंगर. मी दार लावायला उठले, तर म्हणाली, राहू दे आत्या, वारा येतोय.

खाली उतरले आणि समोर पाहिलं, तर मुलांच्या गॅलऱ्यांत टॉवेल वाळत होते. पुन्हा तिडीक आली. तशीच कार्यालयात गेले. तिथला साहेब म्हणाला, आजी, आता बांधून झालं. मला नीट ऐकू येत नाही, असं सांगून मी त्याला तेच तीनदा बोलायला लावलं. तेव्हा त्याने कंटाळून सांगितलं की मुलींची दुसरी इमारत मंजूर झालीय, सूचना द्यायच्या तर आत्ताच द्या.

रविवारी ये. श्रद्धाला आणि तिच्या मैत्रिणींना जेवायला बोलावलंय. कागद-पेन्सिल घेऊन ये आणि त्यांच्यासमोर गॅलऱ्या काढ. सूचना आम्ही सगळ्या मिळून नेऊन देऊ.

लोभ आहेच, रागही राहू दे.
वेणूआत्या